आगरदांड्याचा मुखवट्यांचा गाला

आमच्या मांडव-साऊंडच्या धंद्यात मांडव उतरतो, वायरी गुंडाळल्या जातात, खुर्च्या टेम्पोत चढतात. किस्से मात्र मागे लागून घरी येतात! लग्नांचेच इतके आहेत की सांगत बसलो तर आठवडा पुरणार नाही. पण चार माणसं जमली की हटकून एकच फर्माईश. "विलास, तो आफ्रिकेचा काय प्रकार झाला रे?"

तर सांगतो. हसायचं तिथे हसा. मी तेव्हा फारसा हसलो नव्हतो.

आगरदांड्याजवळ खाडीला लागून एक रिसॉर्ट आहे. तिथे मुंबईच्या एका संस्थेने 'गाला' ठेवला होता. दत्तूदादा, म्हणजे आमचा मांडववाला, हा शब्द ऐकून स्वतःच्या गालावर हात फिरवत म्हणाला, "गाला? म्हंजे तोंडाचा कार्यक्रम?" मी म्हटलं, "मुखवटे येणार आहेत, तेव्हा तसंच समज!"

आफ्रिकेतले मुखवटे, कापडं, लाकडाची कोरीव कामं, ढोल. त्यांचा लिलाव करून पैसे उभे करायचे, हाच तो गाला. तिकडच्या एका देशात सरकारी माणसांनी घरातून उचलून नेलेले कित्येक जण बेपत्ता आहेत, त्यांचा शोध घेणाऱ्या वकिलांना ते पैसे जाणार होते. काम चांगलं होतं. आम्ही भाडंही कमी लावलं.

* * *

मुखवटे न्हावा शेव्याहून पेट्यांतून आले. संस्थेच्या मॅडमनी ते गवतावर मांडायला सांगितले. दत्तूदादा ऐकेना! गावच्या पालखीत देवीचा मुखवटा बसवणारा माणूस तो. त्याने पाट मागवले, पाटावर तांदूळ पसरले आणि एकेक मुखवटा उचलून वर ठेवला.

"दादा, धिस इज आर्ट!" मॅडम म्हणाल्या.

"व्हय मॅडम. पन तुमच्या आर्टला डोले हायेत."

संध्याकाळी आम्ही ते स्टेजच्या बाजूला दोरीने टांगले, तोंडं प्रेक्षकांकडे. सकाळी येऊन बघतो तर तेराच्या तेरा खाडीकडे वळलेले! मी म्हटलं, वारा. दत्तूदादाने बोट ओलं करून वर धरलं.

"वारा खाडीवरून येतोय, विलास. वाऱ्याने फिरले असते तर खाडीकडे पाठ केली असती."

* * *

दुपारी साऊंड चेक. स्टेजवर कॉर्डलेस माइक स्टँडला लावलेला, आसपास कोणी नाही. मी मिक्सरवर बसलो होतो. आणि स्पीकरमधून कोणीतरी खाकरलं. पुरुषाचा आवाज, स्वच्छ!

"असं होतं," मी दत्तूदादाला म्हटलं. "जेटीवर बोटींचे वायरलेस आहेत. कॉर्डलेस माइक कधी कधी पकडतो."

पुन्हा खाकरलं. दाराशी आलेला माणूस, आत बाया आहेत म्हणून आधी खाकरतो ना, अगदी तसं.

"पकडू दे," दत्तूदादा म्हणाला. "पन माइकमधले सेल तू काढून माझ्याकडे दिलेस, ते हे बघ." आणि त्याने मूठ उघडली.

* * *

पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी ठेवायची, अशी मॅडमची सूचना होती. बेपत्ता माणसांसाठी. आता आपल्याकडे पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी राहते काय? शेजारच्या गावचे माजी सरपंच आले, उपरणं सावरलं आणि बरोब्बर तिच्यावर बसले!

मॅडम धावल्या. त्या पोहोचायच्या आत सरपंच स्वतःच उठले.

"आधी कोन बसला होता हितं?" त्यांनी मला विचारलं.

"कोणी नाही साहेब. कव्हर आत्ताच चढवलंय."

"मंग गरम कशी?"

खुर्ची सकाळपासून सावलीत होती. मी हात लावून पाहिला नाही. तुम्हीही लावला नसता.

* * *

आता हिराताई. कार्यक्रमाचं जेवण तिच्याकडे होतं. तिचा नवरा रघुनाथ तीन वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. बोट सापडली, रघुनाथ सापडला नाही. तेव्हापासून हिराताई कुंकू पुसत नाही आणि सासरचे तिचा पिच्छा सोडत नाहीत. दीर भास्करने तर येत्या अमावास्येचा दिवसही ठरवला होता. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, मोकळं व्हायचं. आम्हा सगळ्यांना तिची दया यायची, पण मधे कोण पडणार?

त्या दिवशी स्वयंपाकाच्या मांडवात हिराताईशेजारी मारियम बसलेली दिसली. मारियम म्हणजे आफ्रिकेहून आलेली ढोलवाली, तिच्या भावालाही तिकडच्या सरकारी माणसांनी उचलून नेलेलं. दोघी तासभर कोळंबी सोलत होत्या. हिराताई डोळे पुसत होती.

नंतर मी विचारलं, "काय गं, काय बोलत होती ती?"

"तिच्या भावाचं सांगत होती. त्याला होडीतनं नेला, आन् पोहता येत न्हवतं म्हनाली. दाराला अजून कडी लावत न्हाय म्हनाली."

"पण कुठल्या भाषेत?"

"मना काय ठावं? ती बोलत होती, मना समजत होतं."

मी कौतुकाने हे मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला.

"मारियम? अहो, भाऊ गेल्यापासून ती एक शब्दही बोललेली नाही!"

* * *

शेवटचं सांगतो आणि उठतो.

दिवेलागणीला बेपत्ता लोकांची नावं वाचायची होती. मॅडमनी आधीच माइकवर मराठीतून रीत समजावली. मारियमने लिहून दिलेली रीत ती. ज्याच्या मरणाची खात्री झाली आहे, त्याच्या नावाला ढोलावर एक ठोका. ज्याचं काहीच कळलेलं नाही, त्याच्या नावाला हात वर थांबवायचा.

नावं सुरू झाली. एक ठोका. एक ठोका. मग हात वर, शांतता. मग पुन्हा ठोका. मारियमच्या भावाच्या नावाला हात वरच राहिला.

तेवढ्यात हिराताई पदराला हात पुसत पुढे आली आणि मॅडमच्या कानात काहीतरी म्हणाली. मॅडम माइकमध्ये म्हणाल्या, "रघुनाथ."

मागे बर्फाच्या पेट्या उतरवत असलेला भास्कर जागच्या जागी थांबला.

मारियमने हात वर नेला आणि तसाच धरला. हिराताई तिच्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "वाजव."

मारियमने मान हलवली. नाही म्हणून.

"वाजव गं बाये! तीन वर्सं झाली. मी दमले. अमाशाला हे लोक करनारच हायेत, त्यापरीस तू वाजव!"

मारियमने डोळे मिटले आणि हात खाली आणला. पंजा कातड्यावर पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी, दत्तूदादा, सरपंच, सगळ्यांनी पाहिला.

आवाज आला नाही.

मारियमने डोळे उघडले. ढोलाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी, अंगातला सगळा जोर लावून मारलं. काही नाही! मी बिनमाइकच्या आवाजाबद्दल बोलतोय, माझ्या मशिनीचा इथे संबंधच नाही. खाडीचं पाणी जेटीला लागत होतं, ते ऐकू येत होतं. पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मॅडमनी पुढचं नाव वाचलं. मारियमने नुसती बोटं टेकवली, आणि असा दणका आला की पहिल्या रांगेतले लोक दचकले.

हिराताई वळली. खुर्च्यांमधून सरळ मागे चालत गेली आणि भास्करसमोर उभी राहिली.

"भावोजी, ऐकलात?"

"काय ऐकू?" भास्कर म्हणाला. "रघूदादाच्या नावाला कायच वाजलं न्हाय."

"मंग!" हिराताई म्हणाली.