दातांत अडकलेले घर

आमच्या गल्लीतील लुत्फ हा जिप्समचे, रंगीत काचा बसवलेले झरोके कोरणारा कारागीर. येमेनच्या या जुन्या सना शहरातील कित्येक घरांत सकाळच्या उन्हाबरोबर जमिनीवर जे लाल-निळे सडे पडतात, त्यांतील बरेचसे त्याच्या सुरीचे. त्याच्या स्वतःच्या बैठकीतील झरोक्यांच्या जागी मात्र लग्नापासून फळ्या ठोकलेल्या होत्या. याचे कारण सरळ होते. सकाळी परक्यांची कामे होत, स्वतःसाठी उरे ती दुपार. आणि दुपारी, आम्हा सर्वांप्रमाणेच, लुत्फ क़ातचा, म्हणजे चघळत बसायच्या नशेचा, पाला गालात भरून मुक़बिलच्या घरी लोडाला टेकलेला असे.

पाला सोडण्याचा निश्चय त्याने अनेकदा केला होता. रमजान संपताना केला, मुलगी अरवा जन्मली तेव्हा केला, हिरड्या सुजल्या तेव्हाही केला. प्रत्येक निश्चय गुरुवारपर्यंत टिके. कारण गुरुवारी कोणाचे तरी लग्न असे, आणि लग्नात रिकाम्या गालाने बसणारा माणूस यजमानावर रुसला आहे असे समजले जाई.

एका दुपारी त्याने पुन्हा तोच विषय काढला. मसाल्यांचा व्यापारी मुक़बिल त्याचा बालमित्र. तो मोठ्याने म्हणाला, "घ्या! लुत्फला परत निश्चयाचा ताप आला. घाबरू नका, गुरुवारी उतरतो."

"हस, हस. या वेळी फळ्या काढणार म्हणजे काढणारच."

"अरे, त्या फळ्यांकडून तरी शीक! ठोकल्यापासून एकदा हलल्या नाहीत."

सारी बैठक हसली. लुत्फने गालातील पाला पिकदाणीत टाकला आणि उभा राहून तो म्हणाला, "आजपासून हा पाला मी तोंडात घेतला, तर हूरियाला तलाक! तिन्ही तलाक!"

ही शपथ आमच्याकडे स्वस्त झाली आहे, हे खरे. मनुके विकणारा भाव पटवताना ती घेतो, यजमान पाहुण्याला जेवायला थांबवताना घेतो. परंतु त्या शपथा जेवण उरकताच संपतात. लुत्फने आपली शपथ उरलेल्या साऱ्या आयुष्याला बांधली होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बायको होती.

"उस्ताद, माझ्याबरोबर चला," असे म्हणून त्याने मला, गल्लीतल्या मास्तराला, घरापर्यंत नेले. पण गच्च्यांवरून बातमी आमच्या आधीच पोहोचली होती. मी रिवाजाप्रमाणे जिन्यातच थांबलो. हूरियाचा आवाज तिथपर्यंत स्पष्ट येत होता. रिवाजाप्रमाणे ती त्याला मुलीच्या नावाने, अरवाचा बाप म्हणून, हाक मारी.

"अबू अरवा, निश्चय तुझा आणि जामीन मी?"

"म्हणून तर टिकेल. जे गमावणं मला परवडत नाही, तेच पणाला लावलंय."

"तुझी दाढी लावायचीस. तुझी सुरी लावायचीस. मला विचारलं होतंस?"



एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. या वेळी तो गुरुवार उलटला, आणि पुढचेही उलटले. सुरुवातीला त्याचे डोके दुखून फुटायचे, तो भांड्यांवर आणि मांजरांवर खेकसायचा. मग एके दुपारी गल्ली गालात पाला धरून सुस्तावलेली असताना त्याच्या घरातून सुरीची खरखर ऐकू आली. ओल्या जिप्समची लादी वाळण्यापूर्वी कोरून व्हावी लागते. त्यात मध्येच उठण्याची सोय नाही. एक फळी निघाली, तिथे झरोका बसला. मग दुसरी निघाली. जन्मात प्रथमच लुत्फ आपल्या शब्दाला जागत होता, आणि त्याची चाल बदलली होती.

हूरियाचीही बदलली होती. तो बाहेरून आला की ती उंबऱ्यातच त्याच्या तोंडाचा वास घेई. त्याच्या कोटाचे खिसे उलटे करी. झरोक्याचा रंग तिच्या पायांवर पडे तेव्हा ती पाय आक्रसून घेई. "दिवसभर माझं लक्ष याच्या जबड्याकडे असतं," असे तिने माझ्या पत्नीला सांगितले.

मग तिचा भाऊ नाजी याचे लग्न ठरले. लग्नाच्या दिवशी दुपारच्या पंगतीत मुक़बिलने आपल्या हाताने भाकरीचा घास दुमडून लुत्फच्या तोंडात घातला. प्रेमाचा घास नाकारता येत नाही. लुत्फने एकदा चावला आणि सारा घास हातावर थुंकला. घासाच्या घडीत क़ातचे कोवळे पान होते.

"थुंकला! थुंकला!" मुक़बिल टाळ्या पिटत ओरडला. मग कोणीच हसत नाही हे पाहून पुटपुटला, "गंमत केली रे मी."

आम्ही तडक मशिदीतील मुफ्तींकडे गेलो. त्यांनी हकीगत दोनदा ऐकली आणि निर्वाळा दिला, "नकळत झालेलं धरत नाहीत. तुझं लग्न शाबूत आहे. जा, जेवून घे."

लुत्फ लग्नघरी धावत परतला. बायकांच्या दालनाच्या दाराआडून हूरिया बोलली.

"मुफ्तीसाहेबांनी मला तुझ्याकडे परत दिलं, असं ऐकलं."

"हो, काही झालेलं नाही!"

"तुझं काही झालेलं नाही. इथे सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी आता कुणाची कोण, याचा निरोप कधी येतो म्हणून दाराकडे बघत होत्या. आज नकळत झालं. उद्या तापात चघळशील. म्हातारपणी डोकं फिरलं की चघळशील. माझं घर तुझ्या दातांत अडकलंय, लुत्फ. मी इथेच राहते."

आणि अरवाला घेऊन ती भावाकडेच राहिली.

लुत्फ पुन्हा मुफ्तींकडे गेला. या वेळी त्याला शपथ मागे घ्यायची होती. मुफ्तींनी नकारार्थी मान हलवली. "मागे घेता येत नाही. पाळता येते, नाहीतर मोडता येते. आता ऐक. बायकोला सोडायचा हेतू नसून स्वतःला बांधायचाच असेल, तर ही नुसती कसम, असं काही विद्वान मानतात. ती मोडली तर दहा गरिबांना जेवण घालायचं, तलाक होत नाही, आणि कसम तिथेच संपते. सगळ्यांना हे मान्य नाही. पण माझा कौल हाच, आणि त्याचा भार माझ्या मानेवर."

"म्हणजे तिला मोकळं करायला मी पाला खायचा?"

"एक पान. जाणूनबुजून, साक्षीदारांसमोर."

परतताना लुत्फ मनुक्यांच्या दुकानापाशी थांबला आणि मला म्हणाला, "उस्ताद, आयुष्यात एकच शब्द पाळला. तोही मोडू? आणि ती पणाला नसेल तर मला धरून कोण ठेवणार? मी स्वतःला ओळखतो."

मी म्हणालो, "ती तुला धरून ठेवायला जन्मली नाही."

मग त्याने, पान खाऊन कसम मोडतो, असा निरोप नाजीकडे धाडला. उलट निरोप आला, तो हूरियाचा होता: "दहा जणांचा स्वयंपाक मी करीन."

दहा गरिबांचे जेवण लुत्फच्याच घरी झाले. मेथीचा फेस घातलेल्या रश्श्याची उकळती दगडी भांडी आली, मागाहून मधात भिजलेल्या पोळ्या आल्या. लुत्फने मुफ्ती, नाजी आणि मी यांच्यासमोर एक पान तोंडात घातले आणि चावले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मुक़बिल दारात उभा होता. त्याला कोणी आत बोलावले नाही. हूरिया त्या संध्याकाळी भावाकडे परत गेली नाही, घरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीत बसलो. शेवटची फळी अजून निघायची होती. मुक़बिलच्या घरून हसण्याचा आवाज येत होता. लुत्फ जिन्यावरून उतरून गल्लीत आला, त्या आवाजाच्या दिशेने चार पावले चालला आणि थांबला. वर हूरिया दिसत होती. तिने त्याला हाक मारली नाही. घरात अर्धवट कोरलेली लादी वाळत होती, आणि लुत्फ गल्लीच्या मध्यावर, सुरी हातात घेऊन, तसाच उभा होता.

ती लादी वाया गेली. आता काही दुपारी सुरीची खरखर ऐकू येते, काही दुपारी येत नाही. तो घरी येतो तेव्हा हूरिया त्याच्या तोंडाचा वास घेत नाही.