एकट्याच्या मापाची सायकल

ऊसतोडीला माणूस एकटा धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमचा कोयता बारा वर्षं चालला. मग एका हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून मी खाली कोसळलो आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. पुढच्या दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा बायको तिच्या भावाबरोबर गेली. त्याची बायको बाळंतीण होती, म्हणून बहीण-भावाची जोडी जमवली. ट्रक फाट्याकडं वळेपर्यंत मी दारात काठी धरून उभा राहिलो आणि मग घरात येऊन रडलो. खोटं कशाला सांगू?

वडवणीच्या अलीकडचं आमचं गाव दिवाळीच्या आधीच निम्मं रिकामं होतं. दारांना कुलपं, ओट्यांवर म्हातारी माणसं आणि त्यांच्यात मी, चाळिशीतला धडधाकट दिसणारा गडी. लई लाज वाटायची. लेक चकलांब्याला दिलेली, तिचा संसार तिला. सकाळी भाकरीला बसलो की हात आपोआप दोघांचं पीठ घ्यायचा. स्वतःवरच चिडायचो, आणि संध्याकाळी ती उरलेली भाकरी पाण्यात भिजवून खायचो.

तेव्हाच ठरवलं, गावातच दोघांपुरतं कमवायचं, पुढच्या दसऱ्याला बायको ट्रकमध्ये चढणार नाही. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात हात चांगला बसला होता. पण पंप बिघडतो तो शेतात, आणि मला चालवत नाही, पायडल मारवत नाही. म्हणजे सायकललाच इंजिन पाहिजे.

वडवणीच्या बाजारात भंगारवाल्याकडं गवत कापायच्या मशीनचं इंजिन मिळालं. फोर स्ट्रोक, सोललेल्या नारळाएवढं. घरी आणून सगळं खोललं. सायलेन्सरमधली काजळी धरलेली जाळी काढून टाकली. कार्बोरेटरचं जेट बदललं. टॅपेटचा गॅप दाढीच्या ब्लेडनं लावला, कारण मापाची पट्टी आमच्याकडं कुठली? इतकं छोटं इंजिन गरगर फिरतं पण त्याला ताकद नसते, म्हणून मागच्या चाकाला दातेरी चक्र बसवायचं. चक्र मोठं असलं की गाडी ओढते पण पळत नाही, लहान असलं की पळते पण ओढत नाही. मी लेथवाल्याकडून तीन चक्रं करून घेतली आणि एकेक लावून रोज फाट्यापर्यंत जाऊन यायचो. लहान चक्रावर ती अशी पळाली की टोपी उडाली. म्हटलं, हेच.

शेजारचे म्हातारे ओट्यावरून विचारायचे, "काय बे, कुणाला दाखवायला चाललाय एवढा?"

"तुमाला न्हाई," मी म्हणायचो.

बायकोचा फोन यायचा तो कोपीतून, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीतून, रेंज मिळाली तर. "जेवलाव का? काय करायलाव?" एवढंच विचारायची. मी म्हणायचो, काही न्हाई, बसलोय. सायकलचं मुद्दाम सांगितलं नाही. फोन बंद झाला की पुन्हा इंजिन चालू करायचो. घरात कसला तरी आवाज पाहिजे होता.

गुढीपाडव्यानंतर टोळी परतली. मी सायकल धुतली, कॅरिअरला उशी बांधली आणि फाट्यावर जाऊन थांबलो. ट्रकमधून उतरली ती उन्हानं काळवंडून निम्मी झाली होती. आधी सायकलकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"बस," मी ऐटीत म्हणालो.

सपाटीला गाडी चालली, दसऱ्यापासून कसा खपलो ते मी तिला सांगत होतो. पुढं ओढा लागतो आणि त्याच्या दोन्ही अंगाला चढ आहे. गावाकडच्या चढावर इंजिन नुसतं किंचाळायला लागलं. चाक फिरेना, क्लच जळाल्याचा वास सुटला. मी इंजिनाला शिव्या घातल्या, मग तिच्यावर खेकसलो, "ते बोचकं तर खाली ठेव!" तिनं ठेवलं. तरी गाडी हलेना. मग ती आपणहून उतरली.

"सहा महिने खपलाव," ती म्हणाली, "आन् मला धरलंच न्हाई व्हय ह्यात?"

ती चेष्टा करत नव्हती. रोज मी एकटाच बसून बघत होतो. जेट, क्लच, चक्राचे दात, सगळं माझ्या एकट्याच्या वजनाला जुळवलेलं. जिच्यासाठी केलं तिला मागं बसवल्यावर काय होईल हे एकदाही डोक्यात आलं नाही. ती बोचकं घेऊन पुढं चालली आणि मी लंगडत सायकल ढकलत मागं.

सकाळी उठून मोठं चक्र लावलं आणि वजनाला कॅरिअरवर खताचं पोतं बांधायला घेतलं. ती दारात आली. "पोतं कशाला बांधताव? मी हाय की."

त्या उन्हाळ्यात आम्ही तो चढ किती वेळा चढलो-उतरलो असू, देव जाणे. बंद पडली की ती उतरायची, मी जेटचा स्क्रू फिरवायचो, की पुन्हा बसायची. वेग गेला, पण गाडी दोघांना ओढायला लागली. पावसाळ्यात पंपांची कामं आली तेव्हा पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन ती मागं असायची. इतका सुखात मी कधी नव्हतो.

नवरात्रात मेव्हणा आला. त्याचं पोर अजून लहान, बायको येऊ शकत नव्हती. याही हंगामाला येते असं हिनं त्याला कोपीवरच कबूल केलं होतं.

"मला इचारायचं तरी," मी ओरडलो.

"इचारलं असतं तर न्हाई म्हणला असताव. त्याचा कोयता अर्धा कसा सोडू?"

मी पाना भिंतीवर फेकला. दोन दिवस ओट्यावरच झोपलो. तिसऱ्या दिवशी तिनं बोचकं बांधलं आणि हळूच विचारलं, "फाट्यापर्यंत सोडताव का?"

मी सोडलं. ओढ्याच्या पलीकडचा चढ गाडी एका दमात चढली. आजच्या दिवस तरी बंद पड, असं मनात म्हणत होतो. पडली नाही. मी केलेलं काम चोख होतं.

आता सगळे सांगतात, एकटाच हाईस तर लहान चक्र टाक, पळंल. मी टाकत नाही. मला पोचायला उशीर होतो, गिऱ्हाईक शिव्या घालतं. घालू दे.