टीम परत आली तेव्हा

सिएटलजवळच्या आमच्या बॉथेलमध्ये कधी रस्ता विचारायची वेळ आली, तर धर्मराजला विचारू नका. रोजच्या फ्रीवेवर हा माणूस स्वतःच्याच घराचा एक्झिट चुकवतो. "लक्ष कुठे असतं रे तुझं?" म्हटलं तर सांगतो, "यार, झाडांत धुकं उतरलं होतं, बघत राहिलो." आम्ही एकाच लॅबमध्ये काम करतो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. त्याला चार शब्द सुनावण्याचं काम मी आपणहून पत्करलं आहे.

२००१ साली तो इथे आला, तो वडिलांना "दोन वर्षांत परत येतो" असं सांगून. दोन वर्षांनी त्याने इथेच घर घेतलं. तेव्हापासून त्याच्या वडिलांनी, राजारामकाकांनी, त्याच्याशी बोलणं टाकलं. रविवारी संध्याकाळी तो फोन करायचा, नागपुरात तेव्हा सोमवारची पहाट उजाडत असे. फोन घ्यायची त्याची बहीण, संघमित्रा. "बाबा?" "पेपर वाचताहेत." एवढ्यावरच तो विषय संपायचा. त्यानंतरचा त्याचा चेहरा मला बघवत नसे.

मग उरलेली सगळी माया त्याने सीहॉक्सवर उधळली. ही आमच्या सिएटलची अमेरिकन फुटबॉलची टीम. जन्म १९७६चा, म्हणजे धर्मराजच्याच वयाची, आणि तोवर अजिंक्यपद एकदाही नाही. या टीमने बारा नंबर प्रेक्षकांसाठी राखून ठेवला आहे, तो कुठल्याच खेळाडूला देत नाहीत. "बाहेर बसून नुसतं बघणाऱ्यालाही नंबर आहे रे," असं तो अगदी गंभीरपणे, पुन्हा पुन्हा सांगायचा. मी हसायचो. हसू नये असं वाटायचं, तरी हसायचो.

२००५च्या नोव्हेंबरमध्ये एक मॅच फारच लांबली. ती चालू असतानाच त्याने संघमित्राला फोन लावला आणि समोरच्या टीमच्या किकरची जिंकायची किक हुकली. थोड्या वेळाने पुन्हा हुकली. "फोन ठेवू नको!" धर्मराज ओरडला. "हलू नको कोणी!" क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी तेव्हा पाण्याची बाटली काढायला फ्रिजपाशी गेलो होतो. सीहॉक्स जिंकले, आणि उरलेला अख्खा सीझन मी फ्रिजपाशी उभा राहून काढला.

नागपुरात फोन स्पीकरवर टाकून टेबलावर, काकांच्या चहाशेजारी ठेवला जाऊ लागला. हा खेळ दर मिनिटाला थांबतो. त्या मधल्या वेळात धर्मराज संघमित्राला टीमचा इतिहास सांगायचा. खरं तर कोणाला, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. लहानपणी बाबा त्याला सायकलवर बसवून कामठीला फुटबॉल बघायला न्यायचे. आता तो हळू आवाजात, डोळे अर्धवट मिटून सांगत राहायचा: जुन्या स्टेडियमच्या छताचे तुकडे कसे निखळून पडले, मग ते स्टेडियमच कसं उडवून दिलं, नवं कसं उभं राहिलं. खिडकीबाहेर झिमझिम पाऊस, पलीकडून कपबशीचा आवाज आणि नागपूरच्या पाखरांची किलबिल. त्या खोलीत दोन्ही गावं एकदमच असायची. खेळातलं मला काही समजत नसे, पण त्या वेळा मला फार आवडायच्या.

फेब्रुवारीत टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली. आम्ही आपापल्या जागी. शेवटी शेवटी सगळं हातातून निसटायला लागलं, तरी धर्मराज बोलतच होता. "शहाण्णव साली मालकाने टीम कॅलिफोर्नियाला नेली, संघमित्रा. सामान ट्रकमध्ये भरलं. इथले लोक रडत होते." मग तो थांबला. मॅच संपली होती. आपण हरलो होतो.

फोनमधून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला, आणि मी कधीही न ऐकलेला एक खरखरीत आवाज.

"मग? कॅलिफोर्नियातच राहिली का टीम?"

धर्मराज ताडकन उभा राहिला. "नाही, बाबा. परत आली. त्याच वर्षी."

"लोकांनी घेतलं परत?"

"घेतलं, बाबा."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग तू काहून भिऊन राहिला बे? ये एकदा. अन् बॉल हातात धरून पळतात, त्याला फुटबॉल काहून म्हणतात, ते सांग मले."

धर्मराज गालिच्यावर बसून हमसून हमसून रडायला लागला. मी पहिल्यांदाच फ्रिजपासून हललो आणि त्याच्याशेजारी जाऊन बसलो.