मंगळसूत्र काढायचा प्रवेश

रविवार, १८ जानेवारी, दुपारी तीन. नारायणगाव, वाचनालयाची वरची खोली. हजर: कापडदुकानाच्या मारवाडी वहिनी, टोमॅटोवाल्यांच्या दोघी जावा, अंगणवाडीच्या सेविका, येडगावच्या शाळेतल्या बाई आणि वही धरून मी. गैरहजर कोणी नाही.

विषय एकच होता. आठ मार्चला आमच्या महिला मंडळाने एक जुनं नाटक करायचं. त्यातला नवरा गावोगाव स्त्रियांच्या हक्कांवर भाषणं करतो. बायकोचा त्याच्या शब्दाशब्दावर विश्वास. तिसऱ्या अंकात तिला कळतं, की ती भाषणं घराबाहेरच्यांसाठी होती. मग ती मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवते आणि निघून जाते. तो अंक येडगावच्या बाईंनी वाचून दाखवला. इतकी जुनी नायिका, पण आत्ता कुणाच्या तरी चुलीपुढून उठून आल्यासारखी वाटते, असं सेविका म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं.

भूमिका वाटताना घोडं अडलं. नायिका कुणालाच नको. वहिनींच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसणार होत्या. मंगळसूत्र बाजारातलं खोटं आणू म्हटलं, तरी धाकटी जाऊ ऐकेना.

"खोटं का असंना, आमी न्हाई काढायच्या," ती म्हणाली. "डोरलं टेबलावर अन् मी माहेरी, कायमची."

"जा की," थोरली म्हणाली. "तेवढीच मला एक खोली मोकळी."

हसणं थांबलं तेव्हा आम्ही सगळ्या येडगावच्या बाईंकडे बघत होतो. त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. बाई मात्र खुलल्या. जुन्नरला कॉलेजात असताना नाटकात कामं केली होती, नंतर कुणी विचारलंच नाही, असं म्हणाल्या आणि हो म्हणून मोकळ्या झाल्या. आपल्या वाचनामुळे आपल्याला विचारलं, असं त्यांना वाटलं. तसं नव्हतं, हे बाकी सगळ्यांना माहीत होतं.

मी घरी जाऊन तक्ता केला. पात्र, कोण करणार, शेरा; खाली तालमीच्या वेळा. नायिकेपुढच्या शेऱ्यात लिहिलं: मंगळसूत्र काढायला अडचण नाही. मला ते कामाचं वाक्य वाटलं. पुढच्या रविवारी तक्ता खोलीच्या दाराला चिकटवला.

बाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. तालमीच्या वेळा बघत असतील, असं मी धरून चालले. त्यांचे संवाद पाठ होते. त्यांनी खोटं मंगळसूत्र घातलं, तिसरा अंक एकही शब्द न चुकता केला आणि शेवटी ते काढून टेबलावर, माझ्या वहीशेजारी ठेवलं. आता त्यांनी दाराकडे जायचं होतं. त्या थांबल्या.

"अडचण आहे, ताई," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा काढलं तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही तरी विचारायचं."

आवाज चढला नव्हता, त्यामुळे हे नाटकातलं नाही हे कळायला आम्हाला वेळ लागला. तोवर त्या पर्स घेऊन जिना उतरल्या होत्या. वहिनींनी खिडकीतून हाक मारली. बाई येडगावच्या जीपमध्ये बसल्या होत्या.

नाटक झालं. नायिका सेविकांनी केली. शेवट बदलला, बायको मंगळसूत्र घालूनच निघून जाते. टाळ्या भरपूर पडल्या. आधी मी प्रास्ताविक केलं, नायिकेचं दुःख आजही तेवढंच खरं आहे, असं बोलले. समोर दीडेकशे बायका माना हलवत होत्या. बोलताना मध्येच लक्षात आलं, की मी त्या नवऱ्यासारखी बोलते आहे. कागद संपेपर्यंत वाचत राहिले.

बाई आता बैठकांना येत नाहीत. निरोप जातात, उत्तर सभ्य येतं, शाळेत काम आहे म्हणून. जीपने येडगाव पाव तासावर आहे. फोनवर माफी मागायची नाही, समोर बसून मागायची, हे मी ठरवलंय. काय बोलायचं ते तीनदा लिहून काढलं. तिन्ही वेळा माझी बाजूच जास्त झाली. दर रविवारी नव्या पानावर 'येडगाव, बाईंकडे जाणे' लिहिते. आजही लिहिलं. साडेपाचची जीप गेली.