पाव शेर पावडर

यमाजीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. शुक्र वर आला की तो घोंगडी झटकून उठे, बैलांपुढे पेंढा टाके आणि टाकीला एक फेरी मारी. नळ टपकतोय का, झाकण कोणी उघडं टाकलंय का, कुत्र्याने चाकाशी घाण केलीय का. आम्ही पाचला उठायचो तेव्हा चहाचं पाणी तयार असे.

१९५७ ते १९५९ अशी तीन वर्षं शहापूर-मुरबाड रस्त्यावर आमची अठरा माणसांची गँग होती. काम पुढे सरके तसा कॅम्पही सरके. दर पंधरा दिवसांनी झोपड्या मोडायच्या, दोन मैल पुढे जाऊन परत उभ्या करायच्या. प्यायच्या पाण्यासाठी सरकारने दोन चाकांवर बसवलेली पत्र्याची टाकी दिली होती. तीनशे गॅलनची. बैल जोडायचे आणि न्यायची. ती टाकी सांभाळणारा पाणक्या म्हणजे यमाजी. शेणवे गावाच्या पुढे रानाच्या कडेला त्याची आदिवासी वाडी. जमीन नाही. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर, उरलेलं वर्ष जिथे हात लागेल तिथे.

मी चाळीस वर्षं अंगमेहनतीचं काम केलं. खडी फोडली, डांबर ओतलं, पुलाचे पाये खणले. काम करणारी माणसं पुष्कळ पाहिली. यमाजीइतकं नेमकं काम करणारा माणूस पाहिला नाही. म्हणून हे लिहितो. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल.

टाकी महिन्यातून एकदा पावडरीने धुवायची असा नियम होता. ब्लीचिंग पावडर, पत्र्याच्या डब्यात येई. ओव्हरसियरने यमाजीला ती रीत एकदाच दाखवली होती. तो ती कधी चुकला नाही.

आधी टाकी पूर्ण रिकामी. मग काथ्याने आतून घासायची, कोपरे विशेष. हे घासणं पावडरीच्या आधी. पावडर पडल्यावर आत कोणी उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही. मग दोन साध्या पाण्यांनी खळखळून काढायची. पावडर कालवायला मातीचं मडकं, लोखंडी बादली नाही. मडक्यात आधी पाणी, मग पावडर, उलटं नाही. तोंडाला फडकं आणि पाठ वाऱ्याकडे. कालवलेलं पाणी तासभर निवळू द्यायचं. खाली चुन्यासारखा गाळ बसतो तो टाकून द्यायचा, वरचं नितळ तेवढं धोतराच्या फडक्यातून टाकीत. तीनशे गॅलनला पाव शेर पावडर. टाकी काठोकाठ भरायची, नळ सोडायचा, नळातून तो उग्र वास आला की बंद करायचा. रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी सगळं सोडून द्यायचं, दोनदा विसळायचं, वास अगदी पुसट झाला की मग प्यायचं पाणी.

एकदा ट्रकवाला टाकीचा गंज काढायला तेजाबाची बाटली घेऊन आला. यमाजीने पावडरीचा डबा उचलून पोटाशी धरला. म्हणाला, "ते हितं नको. दोगं एका जागी आली की धूर निगतो, माणूस छाती धरून बसतो. सायेबानं सांगितलंय." ट्रकवाला हसला. यमाजी हसला नाही. बाटली परत गेल्यावरच त्याने डबा खाली ठेवला.

पावडरीचं पाणी तो कधी नदीत सोडत नसे. दूर मुरमाच्या ढिगावर नेऊन सोडी. मी विचारलं, इतकं लांब कशाला? तो म्हणाला, "अरं, डोहात गेलं तर मासं मरतील. गेळाच्या फळानं मरतात तशे, पोट वर करून."

तो सहज बोलला. मी ते ऐकून ठेवलं.

आता त्या टाकीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. टाकी यमाजी धुई, यमाजी भरे, यमाजी आणे. पण तिच्या नळाखाली त्याने ओंजळ धरलेली कोणी पाहिली नाही. तसं कोणी त्याला बोललं नव्हतं. तो वाडीवरचा, एवढं पुरेसं होतं. तहान लागली की तो आपला भोपळ्याचा तुंबा घेऊन नाल्यातल्या झिऱ्यावर जाई. त्याने भरलेलं पाणी आम्हाला चाले, त्याचं तोंड नळाजवळ आलेलं चालत नसे. मी कुणब्याचा. मीही कधी म्हटलं नाही की यमाजी, पी.

यमाजी रोजंदारीवर होता. तीन हंगाम गँगमध्ये पाण्यामुळे कोणी आजारी पडलं नाही तर पाणक्याला कायम करून घेऊ, असं ओव्हरसियर म्हणाला होता. त्याला कायम व्हायचं होतं ते एका कामासाठी. वाडीचं पाणी म्हणजे नाल्याकाठचा एक खड्डा. बायका त्यातूनच भरत, गुरंही त्यातच उतरत. दर वर्षी पहिल्या पावसाला वाडी जुलाबांनी आडवी होई. त्याची बायको हौशी त्यात एक मूल गमावून बसली होती. यमाजीला तो खड्डा दगडाने बांधून घ्यायचा होता, कठडा आणि वर झाकण. तो म्हणे, "हितं लोकांची टाकी घासतो, आन् घरची मानसं म्हशीबरोबर पितात."

तिसरा हंगाम १९५९चा. शिमग्याला पाच दिवस सुट्टी होती. टाकी रिकामी करून ठेवली होती, परत आल्यावर पावडरीने धुवायची होती. पावडरीचा नवा डबा शहापूरच्या स्टोअरातून मी आणला. शीलबंद. वाटेत मी शील तोडलं, जवळजवळ सगळी पावडर पिशवीत काढून घेतली आणि तेवढाच चुना डब्यात भरला. रस्त्याची कड आखायला आमच्याकडे विझवलेला चुना असे. रंग एकच. वरून थोडी खरी पावडर पसरली, झाकण दाबून बसवलं.

ती पावडर मी गावी काळू नदीच्या डोहात टाकली. मेव्हणा दामू बरोबर होता. मासे पोट वर करून आले, दोन टोपल्या. शिमग्याला घरात सगळ्यांनी खाल्ले. थोडा घसा जळजळला. दामू म्हणाला, "भावोजी, पुढच्या साली दोन डबे आना." मी खूश होतो.

सुट्टीनंतर यमाजीने टाकी घासली, मडक्यात पावडर कालवली, निवळू दिली. गाळ नेहमीच्या दुप्पट निघाला. नितळ पाणी टाकीत घातलं, टाकी भरली, नळ सोडला. वाकून वास घेतला. परत घेतला. उरलेला डबाही कालवून घातला, तरी वास जेमतेम.

तो मुकादम धर्माकडे गेला. मी तिथेच कुदळीला दांडा बसवत होतो.

"मुकादम, वास येत नाय. पावडर कमजोर हाय."

"तुज्या नाकात शिमग्याची ताडी गेली असंल."

"ताडी उतरली कवाच. आज टाकी नको लावू. मी झिऱ्याचं पानी उकळून देतो दोन दिस. नवी पावडर आनू दे."

"अठरा मानसांना उकळून? लाकडं तुजा बाप तोडनार? उद्या रोलर येतोय, येड्या."

यमाजी माझ्याकडे वळला. "राघो, डबा तू आनलास. शील होतं ना रे?"

मुकादम माझ्याकडे बघत होता. खरं बोललो असतो तर माझं काम गेलं असतं. मी दांड्यावर पाचर ठोकत म्हणालो, "होतं. शीलबंद होता."

"बगितलंस सोताच्या डोळ्यानं?"

"सांगितलं ना, होतं म्हून."

यमाजीने फडक्याने नाक पुसलं. मग म्हणाला, "मंग माजंच नाक गेलं असंल," आणि टाकीकडे गेला. रात्रभर त्याने टाकी तशीच ठेवली, सकाळी विसळली, भरली. आम्ही प्यालो.

चौथ्या दिवशी अकरा माणसं आडवी. जुलाब आणि ओकाऱ्या. मीही त्यात होतो. गँगमधल्या कोंडूला बैलगाडीत घालून शहापूरला न्यावं लागलं, तो महिनाभर कामाला आला नाही. कोणी मेलं नाही, एवढंच.

ओव्हरसियर जीपने आला. झोपड्यांमधून फिरला. यमाजी उभा होता, धडधाकट.

"सगळे पडले. तू कसा नाही पडलास?"

"मी टाकीचं पित नाय सायेब."

"का? त्यात काय आहे ते तुला ठाऊक होतं म्हणून?"

"यांनीच पिऊ दिलं नाय कदी," यमाजी म्हणाला. "इचारा."

ओव्हरसियरने मुकादमाकडे पाहिलं. धर्मा म्हणाला, "आमी कदी नाय म्हनलो, सायेब? त्यालाच झिऱ्याचं ग्वाड लागतं." दोघंतिघं कण्हतकण्हत हसले. मी चटईवर पडलो होतो, ओव्हरसियरपासून पाच हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. पोट आवळून भिंतीकडे वळलो.

त्याच दिवशी यमाजीला काढलं. त्याने टाकीचा नळ पुसला, बैल सोडून बांधले, तुंबा खांद्याला अडकवला आणि चालू लागला. पाणक्या म्हणून मला लावलं. तीन हंगामांनी मी कायम झालो. आज मला पेन्शन मिळते ती तिथून.

टाकीचं काम मी नीट केलं. यमाजीची रीत एकदाही मोडली नाही. त्याने काही भरून येत नाही, हे मला कळतं.

१९६७ साली, मृग लागायच्या आधी, मी त्याच्या वाडीवर गेलो. आठ वर्षं लागली मला पाच कोस चालायला. यमाजी दारात जाळं विणत बसला होता. केस पांढरे झाले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चुना, डोह, मासे, सगळं.

तो विणत राहिला. म्हणाला, "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"मडकं धुतलं तवाच. पावडरीचा गाळ भुसभुशीत असतो. तो मेनासारखा बोटाला चिकटला. चुना होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला इचारलं ना मी. दोनदा इचारलं." गाठ मारून त्याने दोरा दातांनी तोडला. "तू म्हनलास शीलबंद. मुकादम तुजं ऐकनार का माजं?"

आतून हौशीने विचारलं, "कोन आलंय, इतकं हळू बोलतंय?" यमाजी म्हणाला, "रस्त्यावरचा राघो. तहान लागली असंल त्याला."

तो मला नाल्याकडे घेऊन गेला. तिथे खड्डा नव्हता. कमरेइतका दगडी कठडा होता, सिमेंटने सांधलेला, सांडलेलं पाणी परत आत जाऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतरता. वर पत्र्याचं झाकण, कडीकोयंड्यासकट. बाजूला खुंटीवर घट्ट झाकणाचा पावडरीचा डबा, उन्हापावसापासून आडोशाला.

"कधी बांधलंस?"

"औंदाच पुरं झालं. भिवंडीकडं वीटभट्टीवर जात होतो दोगं. सात हंगाम लागले." मग तो म्हणाला, "कायम झालो असतो तर दोन वर्सात झालं असतं."

तो हे तक्रारीने बोलला नाही. मधल्या वर्षांत वाडीत काय झालं ते मी विचारलं नाही. कठड्यापलीकडे झाडाखाली लहान दगडांचे तीन ढीग होते. एक हौशीच्या मुलाचा असेल, जुना. बाकीचे दोन जुने दिसत नव्हते.

यमाजीने झाकण उचललं, पोहरा सोडला, वर ओढला. तुंबा भरून माझ्यापुढे धरला.

"पी. थोडा वास येतो, पन पी."

मी प्यालो. पाणी गार होतं आणि वास अगदी पुसट होता, जितका असायला हवा तितकाच. यमाजीने झाकण परत बसवलं, कडी लावली, आणि ते हलत नाही ना हे हाताने दाबून पाहिलं. दोन माणसांनी सात हंगाम विटा थापल्या, त्या मजुरीतून शेवटी आलं ते हे झाकण आणि त्याखालचे दगड.