शोधबाईंचा चौदा ओळींचा शोध

समाजकार्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनला पाठ लावून एक टेबल होतं आणि त्या टेबलामागे शोधबाई बसत. खरं नाव हजेरीपटावर होतं. तिथून उतरून ते कुणाच्या तोंडात कधी आलं नाही. काम एकच. ज्याला जो शोधनिबंध हवा असेल तो डेटाबेसमधून काढून द्यायचा. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या, आणि या सव्वीस वर्षांत भेटलेली निम्मी माणसं मूर्ख आणि उरलेली आळशी होती असं त्यांचं ठाम मत होतं. जे दोन्ही होते त्यांना त्या प्राध्यापक म्हणत.

विद्यार्थी यायचे ते डेटाबेसच्या चौकटीत अख्खं वाक्य लिहून. ‘म्हाताऱ्या माणसांना एकटं का वाटतं?’ प्रश्नचिन्हासकट. उत्तर शून्य. मग तोंड पाडून टेबलापाशी उभे. "मॅडम, या विषयावर संशोधनच झालेलं नाहीये."

"अहो, ते यंत्र आहे, तुमची मावशी नाही. त्याला गोष्ट सांगू नका, शब्द द्या."

मग त्या दाखवायच्या. ‘वृद्ध’ आणि ‘एकाकीपणा’, मध्ये ‘आणि’. एकाच अर्थाचे दोन शब्द असतील तर मध्ये ‘किंवा’. जे नको ते ‘वगळा’. शेवटी ‘तज्ज्ञांनी तपासलेले’ या चौकटीत खूण. चार मिनिटांत तीनशे निबंध. विद्यार्थी डोळे विस्फारून बघायचा, आभार मानायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा अख्खं वाक्य घेऊन हजर व्हायचा. नाचता येईना अंगण वाकडं, हे या इमारतीच्या दारावरच कोरायला हवं होतं.

पण त्यांचा खरा राग होता तो विभागप्रमुखांवर. हे गृहस्थ दर सत्राला यायचे आणि खुर्चीवर न बसता सांगायचे, "बाई, समुपदेशनाने दारू सुटते असं सिद्ध करणारे पाच निबंध काढून ठेवा."

"आणि सुटत नाही असं सिद्ध करणारे?"

"ते कशाला?"

शोधबाई पाच निबंध काढून द्यायच्या आणि ते गेल्यावर झेरॉक्सवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "निकाल खिशात घालून साक्षीदार गोळा करत फिरतोय मेला." झेरॉक्सवाला हसायचा. तोही त्यांच्या लेखी मूर्खांतच होता, पण निदान वेळेवर यायचा.

घरी त्यांचा धाकटा भाऊ बाळ होता. बाळाचं वय सत्तेचाळीस. केस पिकलेले, पोट सुटलेलं. जन्माच्या वेळी डोक्याला प्राणवायू कमी पडला आणि समज सात-आठ वर्षांच्या मुलाइतकीच राहिली, असं डॉक्टर सांगत आले होते. आधी वडील गेले, अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून घरात शोधबाई, म्हणजे त्याची ताई, आणि बाळ, दोघंच. त्याचं खाणं, पिणं, दाढी, औषधं सगळं ताईच बघायची, आणि तिच्याइतकं चांगलं ते कुणी बघू शकत नाही याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. थोरला दादा तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात फरशा विकायचा. वर्षातून दोनदा फळांची पिशवी आणि सल्ले घेऊन यायचा, आणि परत जाताना फक्त पिशवी न्यायचा.

या वर्षी शोधबाई जिन्यावरून घसरल्या. पाय तीन आठवडे प्लास्टरमध्ये. दादाने बाळाला नेलं, पण स्वतःच्या घरी नव्हे. बाळ घरात असला की वहिनीला म्हणे झोप लागत नाही. त्याने बाळाला आपल्याच शहरातल्या एका समूहगृहात ठेवलं. बाळासारखी आठ मोठी माणसं आणि दोन मदतनीस असलेलं ते घर होतं. तीन आठवड्यांनी बाळ परत आला आणि मागोमाग दादाचा फोन आला. तिथे एक जागा रिकामी झाली होती. बाळाला कायमचं तिथे ठेवायचं तर दोघा भावंडांच्या सह्या लागणार होत्या, आणि महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं.

"तू काय त्याला जन्मभर पुरणार आहेस का?" दादा म्हणाला. "आणि संशोधन सांगतं, अशी माणसं समूहगृहात जास्त चांगली राहतात."

संशोधन! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या फरशीवाल्याने हा शब्द उच्चारावा, आणि तोही त्यांच्यासमोर! शोधबाईंचे कान तापले.

"थांब," त्या म्हणाल्या. "संशोधन काय सांगतं ते मी पाठवते तुला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या कामाला लागल्या. पहिल्या ओळीतच त्यांनी असं काही केलं जे त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. नव्या मुलांना वाटतं ‘बौद्धिक अक्षमता’ एवढं लिहिलं की झालं. पण जग दर वीस वर्षांनी या माणसांसाठी एक नवा सभ्य शब्द काढतं, वीस वर्षांत त्याची शिवी होते, मग आणखी नवा काढतं. जुने निबंध मात्र जुन्याच शब्दाखाली पडून राहतात. शोधबाईंनी ‘किंवा’ लावत लावत सगळे शब्द लिहिले. ‘मतिमंद’ लिहिलं, ‘मंदबुद्धी’ही लिहिलं. हे शब्द आईने घरात कधी कुणाला उच्चारू दिले नव्हते. दोन हजार तीनशे निबंध आले. दुसरी ओळ, ‘आणि भावंडं’. तिसरी ओळ, ‘आणि निवास’. आता उरले एकशे ऐंशी.

पहिल्या दहांतले सहा दादाच्या बाजूने होते. छोट्या समूहगृहात ही माणसं जास्त गोष्टी शिकतात, मित्र करतात, वगैरे वगैरे. शोधबाईंनी नाक मुरडलं. सत्तावीस माणसांचा अभ्यास! सत्तावीस माणसं तर सकाळी झेरॉक्सच्या रांगेत असतात. त्यांनी चौथी ओळ लिहिली, ‘वगळा समूहगृह’. तरी तो विषय वेगळ्या शब्दांत डोकं वर काढायचा. वगळा स्वावलंबन. वगळा मैत्री. वगळा भावंडांचा थकवा. एकेक ओळ वाढत गेली आणि आकडा उतरत गेला. चौदाव्या ओळीला तीन निबंध उरले. तिन्ही म्हणत होते की घरच्या मायेला पर्याय नाही. शोधबाईंनी ते छापायला टाकले आणि समाधानाने डबा उघडला.

तेवढ्यात थर्मासवाली आली. ही बाई पंधरा वर्षं वस्त्यांमधून समाजसेविकेचं काम करून आता चाळिशीत पदवी घेत होती. काखेत थर्मास, हातात वही, आणि सांगाल तो शब्द वहीत उतरवायचा. शोधबाईंच्या यादीत ती ‘बुद्धी बेताची, हस्ताक्षर बरं’ या सदरात होती.

"मॅडम, केलेल्या शोधाचा इतिहास कसा वाचायचा ते काल तुम्ही सांगितलंत, पण मला जमलं नाही. हा तुमचा उघडाच आहे ना? हा उतरवून घेऊ?"

तोंडात घास होता म्हणून शोधबाईंनी मान हलवली. थर्मासवालीने खुर्ची ओढली आणि पडद्यावरच्या ओळी मोठ्याने वाचत लिहायला सुरुवात केली. डेटाबेस एक ओळ विसरत नाही. त्याला कुणाची भीड नसते.

"ओळ आठ, वगळा, ‘सामाजिक सहभाग’. ओळ नऊ, वगळा, ‘स्वतःचा निर्णय’. ओळ दहा, वगळा, ‘मुलाखत’." ती थांबली. "मुलाखत का वगळली, मॅडम?"

"कारण तसल्या अभ्यासांत त्या लोकांनाच विचारलेलं असतं, कुठे राहायचंय म्हणून. आता अशा लोकांना विचारून काय..."

थर्मासवाली लिहीत होती. "‘अशा लोकांना... विचारून... काय.’ हे निबंध निवडायच्या निकषांत लिहायचं ना, मॅडम?"

तिने हे अगदी मनापासून विचारलं होतं. टोमणा मारण्याइतकी अक्कल तिच्यात नव्हती, आणि तेच जास्त झोंबलं.

"पुरे आता," शोधबाई खेकसल्या. "उद्या या."

ती गेल्यावर त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चौदा ओळींपैकी अकरा ‘वगळा’च्या होत्या. विभागप्रमुखांनीसुद्धा एवढा निर्लज्ज शोध आजवर मागितला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! शोधबाईंना लाज वाटली, आणि लाज वाटली याचा राग आला. झेरॉक्सवाला तीन निबंध घेऊन आला तेव्हा त्याला विनाकारण चार शब्द ऐकावे लागले.

मग त्यांनी चौथ्या ओळीपासून पुढचं सगळं पुसलं आणि मुलाखतींचे निबंध वाचायला घेतले. चार दुपारी वाचत होत्या. काहींनी घर निवडलं होतं, काहींनी समूहगृह, काहींनी तिसरंच काही. त्यांना विचारलेला प्रश्न मात्र इतका सोपा होता की शोधबाईंना त्या संशोधकांचा भयंकर संताप आला. यासाठी विद्यापीठ लागतं? हा प्रश्न त्यांना स्वतःला अकरा वर्षांत कुठल्याही संध्याकाळी विचारता आला असता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाळ टेबलाशी बसून धुतलेले चमचे पुसत होता.

"बाळा, तुला कुठे राहायचंय रे? इथे की त्या घरात?"

"तिथे," बाळ म्हणाला. विचारबिचार केला नाही. चमचा पुसायचाही थांबला नाही.

"का रे? तिथे तुझं कोण आहे?"

"तिथे किल्ली आहे."

"कसली किल्ली?"

"माझी. माझ्या खोलीची. गळ्यात असते, दोरीत." त्याने पुढचा चमचा उचलला. "इथली तुझ्याकडे असते."

गेली अकरा वर्षं शोधबाई कामावर निघताना दाराला बाहेरून कुलूप लावत होत्या. ते त्याच्याच भल्यासाठी होतं. दुपारी शेजारीण येऊन खिडकीतून डोकावून जायची, कधी काही बिघडलं नव्हतं. यावर कुणीही वाद घातला असता तर शोधबाईंनी त्याला पाच मिनिटांत गप्प केलं असतं. पण बाळ वाद घालत नव्हता, तक्रारही करत नव्हता. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी त्याच्यासमोरच रडून घेतलं. बाळाने त्यांना एक कोरडा चमचा दिला.

"मिळालं का संशोधन?" दादाने फोनवर खवचटपणे विचारलं.

"मिळालं. सही करते."

"मी म्हणत होतोच की..."

"तू काही म्हणत नव्हतास. कुठूनतरी ऐकून आला होतास. आणि पुन्हा तो शब्द माझ्यासमोर काढू नकोस." त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या बाळाला घेऊन तिथे गेल्या. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला होती. मदतनिसाने खालीच गळ्यात घातलेली किल्ली बाळाने काढली. ती आधी उलटी घातली, मग सुलटी, मग पुन्हा उलटी. शोधबाईंचा हात आपोआप पुढे झाला. बाळाने खांदा वळवून कुलूप झाकलं. शेवटी दार उघडलं, तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आतून कडी वाजली.

शोधबाई त्याच्या कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर उभ्या राहिल्या. जरा वेळाने त्यांनी दार वाजवलं.

"कोण?"

"मी रे."

"मी कोण?"

"ताई. आत येऊ का?"

आत खाट करकरली.

"थांब," बाळ म्हणाला. "विचार करतो."

त्या थांबल्या.