डेकपासून सव्वीस मीटर

तेल-वायू खात्याच्या रेकॉर्डरूममध्ये तक्ते करणाऱ्या मावशींची ख्यातीच तशी होती. एकतीस वर्षांत त्यांच्या हातच्या तक्त्यात कुणाला काडीची चूक सापडली नव्हती. मोठे साहेबसुद्धा त्यांच्या टेबलाशी जरा दबकूनच उभे राहत. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि हे नाव तसंच घेऊन मावशींना घरी जायचं होतं.

नेमका तेव्हाच शेजारच्या देशाशी चाललेला खटला लवादापुढे आला. समुद्रातल्या सीमेच्या दोन्ही अंगांना गॅसच्या विहिरी. आपलं म्हणणं, साठे दोन आहेत, ज्याचा त्याने उपसावा. शेजारी म्हणत, साठा एकच, वाटून घेऊ. आपली सगळी भिस्त मावशींनी नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेल्या तक्त्यावर होती. गॅस संपून पाणी लागतं ती पातळी आपल्याकडे शेजाऱ्यांपेक्षा सव्वीस मीटर खोल. साठा एक असता तर पाणी एकाच पातळीला लागलं असतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी मावशींनी सवयीने मूळ ड्रिलिंग डायरी काढली आणि आकडे तक्त्याशी ताडून पाहिले. खोदणारे खोली मोजतात प्लॅटफॉर्मच्या डेकपासून, आणि डेक समुद्राच्या वर सव्वीस मीटर! ते वजा न करताच त्यांनी आकडे 'समुद्रसपाटीपासून' या मथळ्याखाली उतरवले होते.

त्यांनी लगेच वकीलसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, "मावशी, विचारलं तेवढंच बोला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

घरी यजमान भाजी चिरत होते. सगळं ऐकून म्हणाले, "तीन आठवडे गप्प बसलीस तर काय बिघडेल?"

"बिघडवलंय मीच. आणि ती डायरी काय माझ्याबरोबर निवृत्त होणार आहे?"

दुसऱ्या दिवशी लवादाच्या अध्यक्षांनी विचारलं, "हा तक्ता तुमचाच?"

"माझाच. आणि चुकीचा." मावशींनी डायरी पुढे सरकवली. "गच्चीवरून मोजलं की विहीर जास्त खोल भरणारच, साहेब."

वकीलसाहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मावशींना लाज वाटली, भरपूर वाटली, पण त्यांनी पेन मागून घेतलं. तिथेच आकडे दुरुस्त करून त्यांनी खाली सही ठोकली.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. साठा एकच, वाटा दोघांचा, मोजणीची नोंदवही सामाईक. ती कुणी ठेवायची यावरून वकील पुन्हा हमरीतुमरीवर आले. शेवटी शेजाऱ्यांचे वकील उठले. "त्या बाई निवृत्तीनंतर ही वही ठेवणार असतील, तर आम्ही डोळे मिटून सही करू."

"उघडे ठेवूनच करा," मावशी मागच्या बाकावरून म्हणाल्या. "मीही चुकते."